बॅरल बदलायची म्हणतेस? आधी जरा शांत बस

अगं, आधी पाणी पी आणि बस इथे. ग्रुप फाकायला लागले, रेंजवर कोणीतरी म्हणालं, "तुझी बॅरल संपली," आणि तेव्हापासून पैसे कुठून आणायचे, लायसन्सचं काय, माल परदेशातून कसा येणार, बाबांना सांगायचं कसं, हे सगळं एकदम तुझ्या डोक्यात फिरायला लागलंय. साहजिक आहे गं. आपल्या आष्टीतून रायफल शूटिंग करणं म्हणजे काही खायचं काम नाही. तळेगावला हायवे गाठायचा, तिथून कारंजा, कोंढाळी करत नागपूर, आणि मोठ्या सरावासाठी बालेवाडी नाहीतर वरळीची रेंज. एवढी धावपळ करून कागदावर भोकं इकडेतिकडे दिसली की जीव खालीवर होणारच.

पण खरं सांगू का? ग्रुप फाकले की बॅरलवर नाव येतं, कारण ती रायफलीतली सगळ्यात मोठी आणि महाग वस्तू. बरेचदा दोष निघतो भलतीकडेच. म्हणून आज मी तुला आधी बॅरल वाचवायला सांगणार आहे, आणि नाहीच वाचली तर कशी निवडायची ते सांगणार आहे. क्रम उलटा करू नकोस.

पहिला प्रश्न, रायफल कुठली? अजून 10 मीटरची एअर रायफलच मारत असशील तर बॅरलचा विषय जवळजवळ मिटला म्हणून समज. तिथे दारू जळत नाही, आग नाही, मऊ शिशाचा पेलेट हवेच्या दाबाने जातो. अशी बॅरल घासून संपणं फार क्वचित. फेल्टचे पेलेट घालून अधूनमधून स्वच्छता, सील तपासणं, आणि सिलिंडरवरची मुदतीची तारीख बघणं, एवढं कर. मुदत संपलेला सिलिंडर वापरायचा नाही, मग तो दिसायला कितीही नवा असो.

दुसरा प्रश्न, रायफल तुझी की क्लबची? क्लबची असेल तर बॅरल बदलायचा निर्णय तुझा नाही आणि खर्चही तुझा नाही. तुझं काम एवढंच, की नीट नोंदी ठेवून त्या कोचच्या हातात द्यायच्या. बऱ्याच मुलींना एनसीसीच्या कॅम्पात पहिल्यांदा पॉइंट टू टू हातात मिळते आणि पुढे क्लबच्याच रायफलीवर त्यांची काही वर्षं जातात. त्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस.

आता पॉइंट टू टूचं बोलू, कारण तुझी खरी काळजी तिचीच आहे. बघ, या रायफलीची बॅरल फार चिवट असते. गोळी शिशाची आणि मऊ, दारू चिमूटभर, दाब कमी. नीट सांभाळलेल्या बॅरलमधून हजारोंनी राउंड जातात, कित्येकदा आकडा लाखाच्या घरात पोचतो. तांब्याचं कवच असलेली, भरपूर दारूची मोठी सेंटरफायर काडतुसं मारणाऱ्या रायफलींचं वेगळं. तिथे चेंबरच्या पुढचा भाग उष्णतेने आणि दाबाने खाल्ला जातो आणि काही हजार राउंडांत बॅरल उतरते. लोक त्या रायफलींचे आकडे ऐकतात आणि तुझ्यासारख्या मुलीच्या माथी मारतात. म्हणून कोणी "एवढे राउंड झाले म्हणजे बॅरल गेली" म्हटलं, तर आधी विचार, कुठल्या रायफलीचं बोलताय?

मग तुझे ग्रुप का फाकले? एकेक करून बघू. आणि एक नियम पाळ: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्यास तर गुण कशाने सुधारले ते कधीच कळणार नाही.

आधी स्क्रू. स्टॉकमध्ये ॲक्शन धरून ठेवणारे स्क्रू सैल झाले की रायफल दर गोळीला जागा थोडीशी बदलते. मॅन्युअलमध्ये जेवढा टॉर्क दिलाय तेवढाच दे, टॉर्क रेंच वापरून. अंदाजाने आवळायचं नाही. मग साईट. पुढची आणि मागची, दोन्ही बोटांनी हलवून बघ. किंचित जरी हलली तरी दोष सापडला. त्यानंतर फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग. ती थकली की काडतुसाच्या कडेवर ठोका एकसारखा पडत नाही, गोळीचा वेग कमीजास्त होतो आणि भोकं वरखाली लांबत जातात. भोकं आडवी पसरली असतील तर आधी वाऱ्याकडे बघ. कागद नीट वाचलास तर तो बरंच काही सांगतो गं.

मग राउंड. मागच्या खेपेला जो लॉट होता तोच आहे का? डब्यावरचा लॉट नंबर बघ. तीच कंपनी, तेच नाव, पण लॉट वेगळा, म्हणजे तुझ्या बॅरलसाठी तो वेगळाच राउंड झाला. आणि हे आपल्या वैदर्भी मुलींसाठी खास: मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत राउंड ठेवू नकोस. पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की गाडीत काय होतं ते तुला माहितेय. मॅच राउंडच्या गोळीवर मेणचट वंगणाचा पातळ थर असतो, तो मऊ होऊन सरकतो, आणि मग दोष बॅरलच्या नावावर लागतो.

यानंतर स्वच्छता. चेंबरच्या अगदी पुढे जळलेल्या दारूचा आणि शिशाचा कडक थर बसतो. तो साठत गेला की गोळी आत शिरतानाच बिघडते. असा थर काढल्यावर "गेलेली" बॅरल परत ताळ्यावर आलेली रेंजवरच्या कितीतरी जणींनी अनुभवली आहे. पण काढायचा कसा, यातच खरी मेख आहे. रॉड एकसंध आणि आवरण असलेला हवा, बोअर गाइड हवा, आणि दिशा चेंबरकडून तोंडाकडे. तोंडाकडून रॉड कधीही घालायचा नाही. पॉइंट टू टूच्या बॅरली गोळ्या मारून जेवढ्या खराब होत नाहीत तेवढ्या चुकीच्या सफाईने होतात, हे वाक्य तू वहीत लिहून ठेव.

आणि बॅरलचं तोंड, त्याला आपण क्राउन म्हणतो, ते चांगल्या उजेडात, भिंग घेऊन बघ. तिथली कड सगळीकडून सारखी, स्वच्छ असली पाहिजे. गोळी बॅरलला शेवटचा स्पर्श करते तो तिथे. एका बाजूला बारीकसा ओरखडा असेल तर मागून सुटणारा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला किंचित तिरकं ढकलतो. पण दोष फक्त क्राउनचा असेल तर बॅरल टाकायची गरजच नाही, लायसन्सधारक गनस्मिथ क्राउन नव्याने करून देतो.

एवढं सगळं झालं की खरी परीक्षा. रायफल क्लॅम्पमध्ये लावून, एकाच लॉटचे, दहा-दहा राउंडांचे काही ग्रुप काढ. क्लॅम्पची सोय नसेल तर तुझ्या कोचला किंवा एखाद्या अनुभवी ताईला तुझी रायफल प्रोनमध्ये मारायला सांग, आणि तू तिची मारून बघ. तिच्या रायफलीवरही तुझे ग्रुप फाकले तर बाई, आपण जॅकेट, स्लिंग आणि डोळ्यांकडे बघू. आणि तिच्या हातातही तुझी रायफल फाकली, सगळ्या लॉटवर, सफाईनंतरही, तर मग बॅरलकडे बोट दाखवायला तुझ्याकडे पुरावा आहे.

फाकली म्हणजे किती, तेही सांगते. 50 मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर. गोळीची कड त्याला लागली तरी दहा मिळतात, आणि गोळी आहे 5.6 मिलिमीटरची. हिशेब केलास तर बाहेरच्या कडांवर मोजलेला ग्रुप मधोमध आणि साधारण 21 मिलिमीटरच्या आत बसला, तर सगळे दहा मिळू शकतात. पण तो सगळा वाव रायफलीनेच खाल्ला तर तुझ्या नाडीच्या ठोक्याला, श्वासाला, वाऱ्याला जागा कुठे राहिली? म्हणून क्लॅम्पमधला ग्रुप याच्या बराच आत हवा. तेजस्विनी सावंतने 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं तेव्हा तिचे गुण होते 600 पैकी 597. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गेले! कोल्हापूरच्या मुलीने तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती. त्या पातळीवर बॅरल आणि राउंड यांची जोडी किती घट्ट जमलेली असावी लागते, याचा विचार कर. आणि हेही लक्षात घे, की तू आज ज्या टप्प्यावर आहेस तिथे रायफलीतून मिळणाऱ्या गुणांपेक्षा सरावातून मिळणारे गुण कितीतरी जास्त आहेत.

बरं, समज सगळं तपासलं आणि बॅरलच दोषी निघाली. आता निवडायची कशी?

एक गोष्ट आधीच मनावर घे. बॅरल आणि ती बसवणारा कारागीर, ही एकच निवड आहे. आपल्याकडे संत्र्याची कलमं आणताना बाबा नुसतं कोवळं पान बघून भुलतात का? जंबेरीचा खुंट कसा आहे, डोळा कुठल्या झाडाचा, बांधणी कोणी केली, हे सगळं विचारतात, कारण चूक कळायला मधे काही वर्षं जातात. बॅरलही तशीच निवडायची. नामांकित कंपनीची सुंदर बॅरल वाकडीतिकडी बसवली तर ती साध्या बॅरलपेक्षा वाईट मारेल.

म्हणून पहिली विचारणा, तुझ्या रायफलीत बॅरल धरलेली कशी आहे? काही रायफलींत ती आट्यांनी फिरवून बसवतात, काहींत दाबून बसवून आडव्या पिनांनी पक्की करतात, काहींत स्क्रूंनी आवळून धरतात. यावर ठरतं की बदल सोपा आहे की मशीनवरचं काम लागणार. पॉइंट टू टूच्या काडतुसाची कड, म्हणजे रिम, जाडीला जेमतेम 1.1 मिलिमीटरच्या आसपास असते, आणि बोल्ट बंद झाल्यावर तिच्यासाठी उरणारी जागा तितकीच नेमकी ठेवावी लागते. जागा जास्त झाली तर ठोका नीट बसत नाही, कमी झाली तर बोल्ट बंद होताना काडतूस चिरडतं. हे घरातल्या पान्याने करायचं काम नाही. आणि कायद्यानेही नाही, ते पुढे सांगते.

दुसरं, शक्यतो रायफल ज्या कंपनीची त्याच कंपनीची बॅरल. जर्मनीतल्या उल्मची ॲन्शुट्झ असो, वाल्थर असो किंवा फाइनवेर्कबाऊ, या कंपन्यांना स्वतःची ॲक्शन ठाऊक असते. वेगळ्या कारखान्याची कच्ची नळी घेऊन, तिला मॅच चेंबर कापून, बसवून घेणं यातूनही उत्तम रायफली तयार होतात. पण त्यासाठी तसं काम रोज करणारा माणूस हवा, आणि काही बिनसलं तर परत त्याच्या दारात जाता आलं पाहिजे. आष्टीतून दर वेळी ते जमणार आहे का? नाही ना? मग पहिल्या खेपेला सरळ रस्ता धर.

तिसरं, लांबी. लांब बॅरल म्हणजे पक्का नेम, ही समजूत डोक्यातून काढ. पॉइंट टू टूची थोडीशी दारू साधारण 16 ते 20 इंचांतच आपलं सगळं काम करते. त्यापुढच्या लांबीने वेग वाढत नाही, उलट गोळी जरा जास्त वेळ बॅरलमध्ये राहते आणि तेवढा वेळ तुला हात स्थिर ठेवावा लागतो. पुढची आणि मागची साईट यांतलं अंतर जास्त हवं असेल तर आखूड बॅरलला पुढून पोकळ नळी जोडता येते. पुष्कळ खेळाडू तसंच करतात.

चौथं, वजन आणि तोल. हे मात्र तुझ्या अंगावर अवलंबून आहे. जड बॅरल स्टँडिंगमध्ये झोक कमी करते, पण नीलिंगमध्ये डाव्या हातावर ओझं टाकते. थ्री पोझिशनमध्ये आता नीलिंग, प्रोन, स्टँडिंग असे वीस-वीस मिळून साठ राउंड मारायचे असतात. तिन्हीत एकच बॅरल आहे. कोणाची तरी जड बॅरल चांगली वाटली म्हणून तशीच मागवू नकोस. आधी आपल्या रायफलीच्या पुढच्या टोकाला वजनं लावून आठवडाभर मारून बघ. पुढे जास्त भार हवासा वाटला तर ते मागवताना सांग, नको वाटला तर पैसे वाचले.

पाचवं, पोलाद. क्रोम-मोली की स्टेनलेस, यावर रेंजवर लोक तासन्‌तास वाद घालतात. पॉइंट टू टूला फार उष्णता नसते, त्यामुळे झिजेच्या दृष्टीने दोन्ही पुरून उरतील. स्टेनलेसला गंज उशिरा लागतो, अजिबात लागत नाही असं नाही. बॅरलच्या आतले पीळ साधारण 16 इंचांत एक फेरा घेणारे असतात, ते पॉइंट टू टूसाठी नेहमीचंच माप, त्यात काही वेगळं मागू नकोस. पीळ कापून केलेत, बटणाने की ठोकून, याचाही फार विचार नको. आतलं छिद्र सगळीकडे एकसारखं आहे का आणि तोंडाकडे अगदी किंचित आवळत जातं का, एवढं गनस्मिथला विचार.

सहावं, पुरावा माग. चांगल्या कंपन्या मॅच रायफलीसोबत टेस्ट टार्गेट देतात, नव्या बॅरलसोबतही मागायला लाजू नकोस. आणि जुनी, वापरलेली बॅरल "फारशी मारलेली नाही" म्हणून कोणी स्वस्तात देत असेल तर नम्रपणे नाही म्हण. ती कशी साफ केली गेली ते तुला कोण सांगणार?

आता कागदपत्रं. घाबरू नकोस, पण आळसही करू नकोस. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या सुट्या भागांनाही शस्त्रच धरलंय. म्हणजे बॅरल ही काही गॅसची शेगडी नव्हे, की दुकानातून आणली आणि बसवली. ती घेणं, बाहेरून मागवणं, बसवणं, या सगळ्याला परवानगी लागते. दुरुस्ती आणि चाचणीसुद्धा त्यासाठी लायसन्स असलेल्यानेच करायची. बॅरल आखूड करणं हा तर वेगळाच विषय, त्याला परवानगीशिवाय हात लावणं म्हणजे गुन्हा. कोणी ओळखीचा लेथवाला "देतो की कापून" म्हणाला तर त्याच्या दुकानाची पायरीही चढू नकोस.

तुझ्या लायसन्सचा कारभार वर्ध्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. अर्ज करण्याआधी तिथे जाऊन विचार: लायसन्सवर नोंदलेला नंबर रायफलीच्या कुठल्या भागावरचा आहे, बॅरल बदलली तर नोंद कशी करायची, आणि निघालेल्या जुन्या बॅरलचं काय करायचं. हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. जुनी बॅरल भंगारात टाकायची नाही, आठवण म्हणून भिंतीवर लावायची नाही, मैत्रिणीला द्यायची नाही. कार्यालय सांगेल तिथे जमा कर आणि पावती घे. परदेशातून मागवायची तर राष्ट्रीय रायफल संघटनेच्या शिफारशीपासून सुरुवात होते, आणि 2016 च्या शस्त्र नियमांत खेळाडूंचे दर्जे ठरवून दिलेत. तुझा दर्जा कुठला, त्यात काय मागवता येतं, हे जिल्हा आणि राज्य संघटनेकडून लेखी घे. वयाची 21 वर्षं पूर्ण झाली नसतील तर स्वतःच्या नावाची घाई नको, कोचच्या देखरेखीखाली सराव चालू ठेव. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढ, एक फाइल घरी, एक बॅगेत. प्रवासात रायफल आणि राउंड वेगळे, आणि लायसन्स हाताशी.

पैशांचं बोलूया. बॅरलची किंमत एकटी धरू नकोस. त्यात आणणावळ, आयातीचा खर्च, बसवणावळ आणि चाचणीचे राउंड मिसळ. नव्या बॅरलला जुना लॉट मानवेलच असं नाही. राउंड बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या लॉट निवडण्यासाठी खास चाचणी रेंज चालवतात. लापुआची जर्मनीत शोनेबेकला आहे, इलीची बर्मिंगहॅमला. जगभरचे खेळाडू आपली रायफल तिथे नेऊन लॉटमागून लॉट मारून बघतात. आपण तिथे जाणार नाही, पण पद्धत तीच: चार-पाच वेगळ्या लॉटचे थोडे थोडे राउंड घे, प्रत्येकाचे दहा-दहाचे ग्रुप काढ, कागदावर लॉट नंबर आणि तारीख लिही, आणि सगळ्यात घट्ट लॉटचे जमतील तेवढे एकदम घेऊन ठेव. बॅरलवर सगळा पैसा घालून राउंड कसेतरी घेतलेस तर तो पैसा पाण्यात गेला.

हा सगळा हिशेब एका कागदावर मांड आणि बाबांसमोर ठेव. रडत, घाईघाईत, स्पर्धेच्या आदल्या रात्री सांगितलंस तर त्यांना फक्त मोठी रक्कम ऐकू येईल. क्लॅम्पमधले ग्रुप दाखव, काय काय तपासलं ते सांग. मुलीने एवढा विचार केलाय हे दिसलं की बाबा पैशांपेक्षा तुझ्याकडे आधी बघतील. स्वप्निल कुसाळे कुठला? राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. क्रीडा प्रबोधिनीतून आला, रेल्वेत नोकरी केली, कोच दीपाली देशपांडेंच्या हाताखाली घडला, आणि 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. पात्रता फेरीत तो सातवा होता, 590 गुणांवर. लहान गावातून येणाऱ्याला हा खेळ परवडत नाही असं कोणी म्हणालं तर हे नाव सांग.

वेळेचंही बघ. राज्य स्पर्धा तोंडावर असताना बॅरल बदलायची नाही. नवीन बॅरल म्हणजे नवीन झीरो, नवीन लॉट, नवा तोल. तुझा हात तिला सरावायला वेळ लागणार. स्पर्धांचे दिवस संपू दे, मग काम काढ. तोवर आहे त्या बॅरलला मानवणारा लॉट शोधून हंगाम काढता येतो.

आणि शेवटी सांभाळणं. बॅरल जुनी असो की नवी, हे आपल्या हवेपुरतं ऐक. उन्हाळ्यात घरात कूलर चालतो ना? त्या खोलीत रायफल ठेवायची नाही. आपल्याला गारवा वाटतो, पण ती हवा ओलसर असते आणि बॅरलच्या आत बारीक गंज धरतो. केसमधला फोम तर ओल धरून ठेवतो. रेंजवरून आल्यावर केस उघडून रायफल पुसायची, आत तेलाचा अगदी हलका हात, मग कुलपाच्या लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पावसाळ्यात त्या पुड्या बदलत राहायच्या. आणि पुढच्या वेळी मारण्याआधी ते तेल कोरड्या पॅचने काढायचं, नाहीतर पहिल्या काही गोळ्या कुठेही जातील आणि तू पुन्हा मला सांगशील, बॅरल गेली!

तर आता काय करायचं? या आठवड्यात स्क्रू, साईट आणि लॉट नंबर. पुढच्या रेंजच्या दिवशी नीट सफाई आणि दुसऱ्या हाताने ग्रुप. बाबांना मात्र आजच सांग, लपवून ठेवलेल्या काळजीने ट्रिगरवरचं बोट आधी बिघडतं. टेस्टचे कागद मला पाठव, प्रत्येकावर तारीख घालून. बॅरलच दोषी निघाली तर वर्ध्याच्या अर्जापासून शेवटच्या लॉटच्या चाचणीपर्यंत मी तुझ्यासोबत आहे. नाही निघाली, तर वाचलेल्या पैशांचे चांगले राउंड घे आणि नीलिंगवर बस, तुझे सगळ्यात जास्त गुण तिथेच जातात, माहितेय मला.